मारून राहिले होते

मी बी.ए. झालो तो वलगावच्या काकाजींमुळे. त्यांच्याइतके उपकार माझ्यावर दुसऱ्या कोणाचे नाहीत. या काकाजींनी आपल्या सख्ख्या धाकट्या भावाचा खून केला, असे एका पुस्तकात छापलेले आहे. पुस्तक पुण्याला निघाले आणि चांगले खपले.

काकाजी नात्याने माझे कोणी नव्हेत. माझे वडील त्यांच्या कापसाच्या गाड्या अमरावतीच्या बाजाराला नेत. अमेरिकेत लढाई सुरू झाली आणि आमचा वऱ्हाडातला कापूस एकदम सोन्याच्या भावाने जाऊ लागला. लढाई कोणाकोणाची चालली आहे हे गावात कोणाला ठाऊक नव्हते. ती लवकर संपू नये, एवढ्यावर मात्र सगळ्यांचे एकमत होते. त्या दिवसांत कापसाच्या गाठींवर साहेबांची माणसे काळ्या रंगाने काहीतरी लिहीत. आपल्या कापसावर काय लिहितात ते आपल्या घरच्या कोणाला वाचता येत नाही, हे काकाजींना खुपत असे. त्यांची बायको लवकर गेली होती, मूल नव्हते. धाकट्या भावाला शिकण्याची हौस नव्हती आणि त्यालाही अजून मूल झाले नव्हते. म्हणून काकाजींनी गाडीवानाचा मुलगा शाळेत घातला. वडिलांना ते एवढेच म्हणाले, "बैल हाकाले दुसरा कोनी भेटते. याले वाचू दे."

गाठींवर काय लिहितात ते मी दुसऱ्या वर्षीच वाचून दाखवले. व्यापाऱ्याच्या नावाची दोन अक्षरे होती, बाकी काही नव्हते. तेव्हा माझे शिक्षण थांबवायला हरकत नव्हती. काकाजींनी ते थांबवले नाही. अमरावतीची शाळा संपली तेव्हा त्यांनी मला पुण्याच्या कॉलेजात पाठवले.

पुण्यात मला पहिल्या आठवड्यात जो धडा मिळाला, तो पुढे फार उपयोगी पडला. मी ताटावर बसलो होतो. बाहेरून एका सोबत्याने हाक मारली, "येतोस का रे?" मी म्हटले, "जेवून राहिलो आहे." तो आत आला, माझ्या ताटातली अर्धी भाकरी त्याने पाहिली आणि म्हणाला, "जेवून राहिलास म्हणतोस, आणि अजून तर जेवतोयस!"

आमच्याकडे 'जेवतो आहे' असे म्हणायचे असेल तर 'जेवून राहिलो' म्हणतात. आमचे मुसलमान शेजारी 'खा रहा हूँ' म्हणतात, त्याच चालीवर. पुण्यात त्याचा अर्थ असा होतो, की याचे जेवण उरकले आणि हा आता नुसता बसून राहिला आहे. त्या दिवसापासून बिऱ्हाडातली सगळी मुले मला विचारू लागली, "काय वऱ्हाडकर, झोपून राहिलात का? मग उठा!" मी शुद्ध बोलायला शिकलो. गावी गेलो की पुन्हा पहिल्यासारखे बोलत असे, कारण तिकडे शुद्ध बोलणाऱ्याला लोक विचारत, "तब्येत बरी नाई का?"

मी कॉलेजात असतानाच वडिलांनी कोणाकडून तरी लिहवून घेतलेले पत्र आले, की धाकटे मालक अचानक गेले. काही महिन्यांनी दुसरे आले, की काकाजींवर फिर्याद झाली आहे. मग बराच काळ काही आले नाही. तेवढ्यात पुस्तक आले.

आमच्या बिऱ्हाडात अशा पुस्तकांची मोठी आवड होती. कोणत्या तरी सरदाराच्या घरात सुनेने सासऱ्याच्या दुधात काय घातले, कोणत्या सावकाराच्या मुलांनी बापाला विहिरीवर कसे नेले, असली ती पुस्तके. पातळ कागद, आत एखादे चित्र, आणि वर 'घडलेली खरी हकीकत' हे शब्द मोठ्या टाइपात. अभ्यासाची पुस्तके आम्ही एकेकटे वाचत असू. ही मात्र एकजण मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. त्यांत सगळे खून श्रीमंतांच्या घरात होत. गरिबाच्या घरात खून झाला तर त्याचे पुस्तक निघत नाही, हे माझ्या लक्षात आले होते. पैसेवाल्यांना झोप लागत नाही असे वाचले की आम्हा मुलांना चांगली झोप लागत असे. मीही ती आवडीने ऐकत होतो.

एके दिवशी दुपारी वाचणाऱ्याने नवे पुस्तक उघडले. वऱ्हाडातले एक कापूसवाले धनाढ्य घराणे, दोन भाऊ, संपत्तीचा तंटा. आत चित्र होते. डोक्यावर पुणेरी पगडी घातलेला एक मनुष्य हात उगारून उभा आहे, पायाशी दुसरा पडला आहे, मागे नारळाची झाडे, आणि कोपऱ्यात एकजण तंबोरा घेऊन बसला आहे. मी ते घर ओळखले नाही. ओळखण्यासारखे त्यात काही नव्हतेच. मग वाचणारा साक्षीपाशी आला. अंगणात काम करणाऱ्या एका पिंजाऱ्याने कचेरीत सांगितले होते: 'भांडण चालले होते. मग थोरले मालक धाकट्याला मारून राहिले होते. थू थू म्हणत होते.' त्याच्याखाली लेखकाने लिहिले होते: 'वाचकहो, पाहा! पाठच्या भावाला ठार मारून तो नरपशू तेथेच, त्या प्रेतापाशी, स्वस्थ राहिला. एवढेच नव्हे, तर त्या निर्जीव देहाचा थू थू करून धिक्कार करीत राहिला!'

मुले पुस्तकाजवळ सरकली. एकजण म्हणाला, "मारून वर तिथेच राहिला? काय काळीज असेल!"

मी म्हटले, "मारून राहिले म्हणजे मारत होते. धाकटे मेले असे त्यात कुठे आहे?"

"वऱ्हाडकर, छापलंय ते वाचा."

"छापलंय तेच सांगतोय. मी जेवून राहिलो होतो तेव्हा ताटात भाकरी होती ना?"

सगळे हसले. वाचणाऱ्याने ते वाक्य पुन्हा एकदा, आधीपेक्षा खालच्या आवाजात वाचले, आणि या वेळी ते जास्तच भयंकर वाटले.

मला सगळे दिसले. साक्षीदार आमच्या बोलीत बोलला होता. कचेरीतले शिरस्तेदार पुण्याकडचे. 'राह्यले'चे त्यांनी 'राहिले' केले. उच्चार शुद्ध झाला आणि माणूस मेला. पण यातून माझे समाधान होईना. मारत होते असे धरले, तरी काकाजी भावाला मारत होते हे उरतेच. ज्या माणसाने आपल्या बैलालाही कधी चाबूक लावू दिला नाही, तो भावाला का मारील? त्या पिंजाऱ्याला हे 'का' कोणी विचारलेले दिसत नव्हते. आमच्याकडे 'का' नाही म्हणत, 'काहून' म्हणतात. शिरस्तेदारांना तो शब्द येत नसावा.

नंतर बातमी आली की काकाजी सुटले. पुस्तकाला निकालापर्यंत थांबायला सवड झाली नव्हती, आणि निकाल लागल्यावर तो छापायला लेखकाला काही कारण उरले नव्हते.

मी बी.ए. झालो आणि पदवीचा कागद घेऊन वलगावला गेलो. रेल्वे जिथवर आली होती तिथवर रेल्वेने, पुढे बैलगाडीने. काकाजी ओसरीवर एकटे बसले होते. एवढ्या मोठ्या घरात चूल एका गड्याने पेटवलेली. मी पाया पडलो आणि कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा धरून नीट पाहिला आणि परत दिला.

"झालं का समदं वाचून?"

"झालं, काकाजी."

"मंग हे वाच." उशीखालून त्यांनी तेच पुस्तक काढले. "आपला कारकून वाचते, पन मंधातच थांबते. म्हनते, पुढं काई नाई. एवढं जाड पुस्तक अन् पुढं काई नाई!"

कारकून पुण्याकडचा, भिडस्त मनुष्य. तो माझ्याकडे पाहून आत निघून गेला. मी पुस्तक पहिल्यापासून वाचले. चित्र आले तेव्हा काकाजींनी ते जवळ घेतले. "हे पगडी कोनाची हाये?"

"तुमची."

"असं." ते चित्र बराच वेळ पाहत राहिले. "अन् हे नारयाचे झाडं?"

"आपल्या अंगणातले."

"कवा लावले?"

साक्ष आली, ती काकाजींनी पुरी ऐकली. ते म्हणाले, "बरोबर हाये. मारून राह्यलो होतो."

पुणेरी लोक त्याचा काय अर्थ लावतात ते मी त्यांना समजावून सांगितले. त्यांना ते पटकन समजले नाही. समजले तेव्हा म्हणाले, "मारून तिथंच राहीन? तिथं काय मुक्काम कराचा होता?" आणि मग, मी विचारलेच नव्हते, तरी त्यांनी जे झाले ते सांगितले.

भांडण गादीवरून झाले होते. त्या वर्षी कापसाचा भाव पुन्हा असा चढला होता की लोक गादीतला जुना कापूस उसवून विकत होते. धाकट्या मालकांना मात्र नव्या वेचणीच्या कापसाची गादी हवी होती, म्हणजे पाहुण्यांना ती दाखवता आली असती. काकाजी म्हणाले, एवढ्या भावाच्या कापसावर निजलास तर झोप लागेल का? धाकट्यांनी न विचारता पिंजाऱ्याला बोलावले, तो अंगणात बसून कापूस पिंजू लागला, आणि दोघे भाऊ ओसरीच्या पायरीवर भांडू लागले. संपत्तीचा तंटा तो हा.

"त्याले सुपारीची सवय," काकाजी म्हणाले. "अख्खी गालात धरे. तशीच धरून भांडून राह्यला होता. म्हनलं, थुकून भांड. आयकते कोन? मंग बोलता बोलता गप झाला. मले वाटलं, पटलं त्याले." त्यांनी माझ्या हातातले पुस्तक मिटले. "मंग पाह्यलं तं डोये पांढरे. म्या त्याले पाठीत मारलं. मारतच होतो. नाई निघाली."

त्याच संध्याकाळी अंत्यविधी झाला. धाकट्या मालकांच्या पत्नी, म्हणजे माझ्या काकी, तेव्हा मुलाला घेऊन अकोल्याला माहेरी लग्नाला गेल्या होत्या. त्या आल्या तेव्हा राख उरली होती. पिंजारी अर्धी गादी तशीच टाकून निघून गेला आणि गावोगाव पिंजताना जे पाहिले ते सांगत सुटला. ते काकींच्या भावाच्या कानावर गेले, त्याने फिर्याद केली आणि दिवस करून माहेरी आलेल्या बहिणीला परत पाठवले नाही. कचेरीत काकाजींनी सुपारीचे सांगितले. ते कोणाला खरे वाटले नाही, खोटेही ठरले नाही. साहेबाने 'पुरावा पुरेसा नाही' म्हणून सोडले.

"पुरेसा नाई," काकाजी म्हणाले, "म्हंजे थोडा हाये."

त्यांना पुस्तकाचे फारसे काही वाटत नव्हते. त्यांना आखाजीचे वाटत होते. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. ती मुलाने भरायची, आपल्या घरात. मागच्या आखाजीला मुलगा अकोल्याला होता, म्हणून घागर काकाजींनी भरली. घागर घेऊन विहिरीवरून येताना वाटेत कोणीतरी मोठ्याने म्हटले, "ज्यानं मारलं तोच पानी पाजून राह्यला!" काकाजींनी पाणी सांडू दिले नाही, पण ओसरीवर येऊन घागर ठेवली आणि ते आजारीच पडले. आता पुढची आखाजी तोंडावर आली होती. मी शिकलेला होतो. काकींना समजावून मुलासह घरी आणता येईल का, हे त्यांनी मला विचारले. उपकाराची आठवण दिली नाही. ती न देता विचारले, म्हणून नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

मी तरी काकींना काय सांगणार होतो? त्या पुण्याच्या नव्हेत. पुस्तकातले 'मारून राहिले' त्यांनी आपल्या बोलीतच ऐकले असणार. म्हणजे त्यांच्या समजुतीने काकाजी त्यांच्या नवऱ्याला मारत होते आणि तो मार खाता खाता मेला. माझा व्याकरणाचा सगळा मुद्दा त्यांच्यापुढे निरुपयोगी होता. मी विचार करून ठरवले, की पिंजाऱ्यालाच घेऊन जावे.

तो अकोटला सापडला. एका घराच्या अंगणात रजया भरण्याचे काम चालले होते. पिंजण म्हणजे तातीचे मोठे धनुष्य. त्याच्या ठणठणाटात तो गोष्ट सांगत होता आणि भोवती बायका बसल्या होत्या. गोष्ट आमच्याच घरातली होती. तीत आता आभाळ काळे झाले होते, कुत्रे रडले होते आणि काकाजींच्या हातात काठी आली होती.

"चाचा," मी म्हटले, "मी वलगावचा. गाडीवानाचा पोरगा."

"अरे बेटा! बीए झाला म्हनतेत तू! किताब वाचली ना? मी हाये त्याच्यात." त्याने गाठोड्यातून पुस्तक काढले. वाचता येत नव्हते, पण पान बरोबर उघडले. "देख, मेरे हात में तंबोरा दिया है. आता लोकं मले गाना म्हनाले सांगतेत."

"चाचा, काठी होती का हो काकाजींच्या हातात?"

तो पिंजत राहिला. "दूरून पाह्यलं. कापूस उडून राह्यला होता. धुक्यावानी."

"मंग काठी कुठून आली?"

"अंजनगावले आली," तो म्हणाला. त्याला स्वतःलाच हसू आले. "लोकं इचारतेत ना बाबा, कशानं मारलं? दर गावाले इचारतेत. खाली हात सांगतलं तं उठून जातेत."

मी त्याला अकोल्याला चल म्हटले. तो तयार होईना. कचेरीत खरेच सांगितले, आता पुन्हा कशाला? शेवटी मी काकाजींचा निरोप सांगितला: अर्धी गादी तशीच पडून आहे, ती येऊन पुरी कर. त्याने पिंजण खाली ठेवले.

"मालक असं म्हनले? माह्यावर राग नाई?"

"राग काहून? तुमी खोटं थोडंच सांगतलं."

"खोटं नाई सांगतलं," तो म्हणाला, आणि रजई पुरी करून माझ्यासोबत गाडीत बसला.

अकोल्याला काकींच्या भावाचे घर बाजाराला लागून होते. ते कापसाची अडत करत. मी त्यांना मामा म्हणत असे. ओसरीवर नवे घड्याळ होते, ते बंद पडलेले होते, आणि त्याच्याखाली लाल फडक्यात ते पुस्तक ठेवले होते.

"या या, बीए साहेब," मामा म्हणाले. "वकिली करून राह्यले का आता? कोनाची, ते इचारत नाई."

"मामा, काकींले एक गोष्ट आयकवाची हाये."

"आयकली तिनं. छापील आयकली. तुह्या तोंडाची काहून आयकाव?"

काकी दाराच्या आत बसल्या होत्या. पदर दिसत होता. आतूनच त्या म्हणाल्या, "दादा, येऊ द्या त्यायले. चाचा आले ना सोबत?"

पिंजारी ओसरीवर बसला आणि त्याने घसा साफ केला. मला त्याच वेळी धास्ती वाटायला लागली, कारण घसा साफ करण्याची ती पद्धत गोष्ट सुरू करण्याची होती. "क्या बताऊं बाईसाहेब. दिवसा आभाळ काळं पडलं..."

"चाचा," काकी म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या. करून दाखवा."

"काय करून दाखवू?"

"जे पाह्यलं ते. सांगू नोका. ह्या पोरावर करून दाखवा."

अशा रीतीने धाकट्या मालकांचे काम माझ्याकडे आले. मी पायरीवर बसलो. पिंजारी माझ्यामागे उभा राहिला आणि त्याने चित्रातल्यासारखा हात वर उगारला. मामांनी मान हलवली.

"असे उभे होते?" काकींनी विचारले.

"नाई..." पिंजारी गोंधळला. "बसले होते. बाजूले." तो माझ्या बाजूला गुडघ्यावर बसला. "अन् धाकले असे वाकले होते. समोर." त्याने मला पुढे वाकवले. मी तोंडावर पडू नये म्हणून त्याचा डावा हात आपोआप माझ्या छातीखाली आला. तो तिथेच राहिला. उजवा हात उघडा होता, मूठ नव्हती, काठी तर नव्हतीच. त्या उघड्या हाताने त्याने माझ्या पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये मारले. मग पुन्हा मारले. पिंजाऱ्याचा हात तो, जन्मभर तात ओढलेला. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तो मारत गेला आणि मारण्याच्या ठेक्यावर त्याच्या तोंडून शब्द येऊ लागला. "थुक. थुक. थुक."

मग तो थांबला.

"काय म्हनलं तुमी?" काकी दारात आल्या होत्या.

"ते... म्हनून राह्यले होते ना. थू थू."

"थू, का थुक?"

पिंजाऱ्याने आपल्या हाताकडे पाहिले. डावा अजून माझ्या छातीखाली होता. "थुक," तो म्हणाला. "थुक रे, थुक रे, असं."

मग त्याने मला सरळ बसवले.

काकी आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "लय लागलं का?"

"नाई, काकी."

"लागलं अशीन. जोरानं मारल्याबिगर निघत नाई ते." त्या खाली बसल्या. "दोनदा म्या काढली होती. अशीच पाठीत मारून. किती सांगे, अख्खी ठेवू नोका गालात. म्हने, मोठ्या घरच्या मानसानं फोडून खाल्ली तं लोकं काय म्हनतीन."

मामांनी फडक्यातले पुस्तक हातात घेतले होते. "पन बाई, किताबीत तं..."

"किताबीत नारयाचं झाड हाये, दादा," काकी म्हणाल्या. "वलगावात कुठं हाये नारयाचं झाड?"

मामा मोठे अडते होते. चुकीचा माल परत घेण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी ते पुस्तक पुन्हा फडक्यात गुंडाळले आणि गड्याला हाक मारून गाडी धुऊन ठेवायला सांगितले. गाडी कोणासाठी, ते बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र पिंजाऱ्याला त्यांनी जवळ बसवून जेवू घातले आणि दोनदा विचारले, "डावा हात खाली होता, नाई का?" तो प्रत्येक वेळी हो म्हणाला. तिसऱ्यांदा विचारले असते तर हात सोन्याचाही झाला असता, म्हणून मी विषय बदलला.

पुस्तकाचे पुढे काय झाले ते येथेच सांगून टाकतो. मी लेखकांना सविस्तर लिहिले. आमच्या बोलीत 'मारून राहिले' म्हणजे काय, ते उदाहरणांसह कळवले. त्यांचे फार सभ्य उत्तर आले. वऱ्हाडी प्रयोग वाचकांना समजत नाही ही सूचना त्यांना मोलाची वाटली होती आणि नव्या आवृत्तीत त्यांनी ती अमलात आणली. तिच्यात 'मारून बसले होते' असे छापले आहे. नारळाची झाडे आहेत तशीच आहेत.

दुसऱ्या दिवशी काकींनी सामान बांधायला घेतले. मुलाच्या अंगाला नवा सदरा बेतायचा होता, त्यामुळे एक दिवस जाणार होता. काकाजींना आधी कळवावे असे ठरले. मामांच्या माणसाची गाडी अमरावतीकडे निघतच होती. तिच्यासोबत मी हे पत्र पाठवले:

तीर्थरूप काकाजी,

आपण शिकवलेत म्हणून हे पत्र माझ्या हाताने लिहितो आहे. आपल्याला ते कारकून वाचून दाखवतील. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, की मध्येच थांबू नये, आणि मी लिहिले आहे तसेच वाचावे; काही शुद्ध करू नये.

चाचांनी काकींना जे पाहिले ते करून दाखवले. माझी पाठ दुखते आहे, बाकी प्रकृती ठीक. आपण 'थुक' म्हणत होता, हे काकींना कळले आहे. त्यांनी स्वतः दोनदा तसेच मारून सुपारी काढली होती, असे त्या म्हणाल्या. दोष त्यांनी कोणाला दिला नाही. आपल्याला या वर्षात जेवण कोण करून घालते, एवढे विचारले.

मामांचा नमस्कार. तो त्यांनी सांगितलेला नाही, पण गाडी त्यांचीच आहे.

आखाजीची घागर कुंभाराकडून नवी घ्यावी. लहान घ्यावी. ती मुलाला उचलता आली पाहिजे, आणि तो भरील तेव्हा आपण नुसते जवळ उभे राहावे. अर्धी गादी बाहेर काढून उन्हात टाकावी. चाचा पिंजण घेऊन सोबत आहेत.

काकी येऊन राह्यल्या.